आजीच्या भिंतीवरची शकुंतला



तुमच्या घरात लक्ष्मीचं किंवा सरस्वतीचं एखादं जुनं चित्र आहे का? कमळात उभी लक्ष्मी, मागे हत्ती. खडकावर बसून वीणा वाजवणारी सरस्वती, शेजारी मोर. डोळे मिटले तरी हीच रूपं समोर येतात ना? ती आपल्या मनात रुजवली राजा रविवर्मा या चित्रकाराने.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळमधील किळिमानूर येथे झाला. तैलरंगांची युरोपीय पद्धत त्यांनी आत्मसात केली आणि त्या रंगांनी आपल्या पुराणांतल्या गोष्टी रंगवल्या. हंसाचं बोलणं ऐकणारी दमयंती, रावणाने पंख छाटलेला जटायू आणि ते बघवत नाही म्हणून तोंड झाकून घेणारी सीता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठीही त्यांनी अशी चित्रं काढली.

पण राजवाड्यातलं चित्र गरिबाला कसं दिसणार? रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून रंगीत चित्रं घरोघरी पोहोचली. त्या काळी कित्येकांना देवळाची पायरीही चढू देत नसत. त्यांच्याही भिंतीवर आता देव येऊ शकत होता.

आमच्या आजीकडे असंच एक छापील चित्र होतं, शकुंतलेचं. पायातला काटा काढायला थांबलेली, मान वळवून मागे बघणारी. आजीला अक्षरओळख नव्हती. मी लहानपणी विचारलं, "काटा कुठंय गं?" ती हसून म्हणाली, "आरं, काटा कसला नि काय! बहाणा हाय त्यो. मागं कुणाला बघती, सांग बरं?"

दुष्यंत त्या चित्रात कुठेच नाही. तरी तो मला त्या दिवशी दिसला. पुढे शाळेत कालिदासाचं नाव ऐकलं, तेव्हा गोष्ट मला आधीच ठाऊक होती.

आजी गेल्यावर घराला रंग दिला. काच तडकलेली, कागदाला वाळवी लागलेली. मीच ते चित्र उतरवलं आणि रद्दीत टाकलं. आज वर्गात चित्रवर्णन शिकवताना मला ती भिंत आठवते आणि वाईट वाटतं. चित्र पुन्हा मिळेल हो, पण त्यावर आजीची बोटं फिरली होती.

म्हणून सांगतो, आज घरी गेल्यावर एक काम करा. भिंतीवरच्या जुन्या चित्रासमोर आजी-आजोबांना उभं करा आणि विचारा, "यात काय चाललंय?" ते सांगतील ते वहीत लिहून आणा. हाच तुमचा उद्याचा निबंध.