क्रांतीनंतरची तलवार

‘रुरौनी केन्शिन’चा दुसरा भाग, ‘क्योटो इन्फर्नो’, मुलाच्या हट्टापायी पाहायला बसलो आणि त्यात पार गुंतून गेलो. केइशी ओतोमो यांचा हा जपानी सिनेमा 2014चा. काळ 1878चा. मेइजी क्रांती होऊन दहा वर्षं झालीत, तलवार बाळगायला दोन वर्षांपासून बंदी आहे. क्रांतीच्या धामधुमीत ज्याने माणसं कापली तो केन्शिन आता कुणाचाही जीव न घेण्याची शपथ वाहून हिंडतोय. त्याच्या तलवारीची धार उलटी, आतल्या बाजूला. वार बसतो तो बोथट बाजूचा.

समोर शिशिओ आहे. केन्शिननंतर त्याच कामावर नेमलेला. काम उरकल्यावर नव्या सरकारने त्याला मारू पाहिलं, जाळलं, पण तो वाचला. अंगभर पट्ट्या गुंडाळून तो आता क्योटो पेटवायला निघालाय. त्याचा राग मला पटला, त्याचा मार्ग नाही.

मारामारी पाहताना हातांपेक्षा पायांकडे बघावं. केन्शिन झालेला ताकेरू सातो वाकून, जमिनीलगत धावतो आणि वळणावर क्षणभर घसरतो. केन्जी तानिगाकींनी बसवलेल्या त्या झुंजींचा वेग तिथे कळतो. शिशिओच्या हाताखालचा हसतमुख पोरगा सोजिरो एका वारात केन्शिनचं पातं तोडतो, तेव्हा मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, आता हा सरळ धारेची घेणार.’’ केन्शिन पुन्हा उलट्या धारेचीच शोधत फिरतो.

माझ्यासारख्या दादऱ्यात राहणाऱ्या माणसाला क्रांतीनंतरचा हा पेच परका वाटत नाही. वापी-सिल्वासा रस्त्यावरच्या याच गावात 22 जुलै 1954ला युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी पोर्तुगीज पोलीस चौकी घेतली. फौजदार अनिसेतो द रोझारियो आणि शिपाई अँतोनियो फर्नांडिस त्यात मारले गेले. मग 2 ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. त्या मोहिमेत राजा वाकणकर होते, बाबासाहेब पुरंदरे होते, सुधीर फडके होते. फडक्यांचं मला फार अप्रूप वाटतं. 1 एप्रिल 1955ला, म्हणजे वर्षही उलटायच्या आत, पुणे आकाशवाणीवर त्यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं. मोहीम संपली आणि हा माणूस सुरांकडे परतला.

लढ्याचा पुढचा भाग कागदांवर लढला गेला. पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात भारतावर दावा लावला, त्याचा निकाल 1960ला लागला. तोवर इथला कारभार वरिष्ठ पंचायतीने चालवला. 1961च्या ऑगस्टमध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करायला के. जी. बदलानी एका दिवसापुरते इथले पंतप्रधान झाले. शाळेतल्या मुलांना ही गोष्ट मी सांगतो तेव्हा ती कान टवकारतात, पण भाषणांत ती कधी येत नाही.

केन्शिन आपण मारलेल्यांना विसरत नाही, त्याची सगळी ताकद त्यातून येते. 2 ऑगस्टच्या मुक्तिदिनाला आम्ही झेंड्याखाली वीरांची नावं घेतो. त्यानंतर रोझारियो आणि फर्नांडिस ही दोन नावंही घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं. यंदा ध्वजवंदनाच्या बैठकीत मी हे मांडणार आहे.