माप निथळताना

'एअरलिफ्ट' टीव्हीवर लागला की मी दर वेळी शेवटपर्यंत बघतो, आणि दर वेळी मला रॉकेलचा वास येतो.

ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या, तेव्हा मी जालन्यात शाळेत होतो. आम्हा पोरांना ते युद्ध कळलं रॉकेलच्या टंचाईत, रेशन दुकानासमोरच्या रांगेत. आई पाच लिटरचा डबा हातात देऊन पिटाळायची. दुकानदार नरसाळ्यात रॉकेल ओतायचा आणि माप निथळायच्या आतच उचलायचा. "निथळू द्या की मामा!" मागून कुणीतरी ओरडायचं. चार थेंबांवरून भांडण जुंपायचं.

२०१६ चा तो सिनेमा चांगलाच आहे. एअर इंडियाने कुवेतमध्ये अडकलेली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं मायदेशी आणली, ही गोष्ट सांगायलाच हवी होती. पण ती सुटून आलेल्यांची गोष्ट. ज्या तेलापायी हे सगळं घडलं, त्या तेलात हात घालणारा माणूस तिच्यात नाही.

तो मला दिसला वेर्नर हर्झॉगच्या 'लेसन्स ऑफ डार्कनेस' या १९९२ च्या चित्रपटात. माघार घेताना इराकी सैन्याने सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवून दिल्या. तिथलं तेल स्वतःच्याच दाबाने उसळून वर येतं, त्यामुळे आगीला खुराक कमी पडेना. मग ज्या नळांतून तेल समुद्राकडे जायचं, त्यांतूनच समुद्राचं पाणी उलटं आणलं गेलं. हंगेरीच्या गड्यांनी तर जुन्या टी-३४ रणगाड्यावर मिग-२१ ची दोन इंजिनं चढवली आणि त्यांच्या झोताने पाणी मारून ज्वाळा विझवल्या. शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ ला बंद झाली.

पडद्यावर ती आग विझवणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत तेलाने निथळत होती. मला आमचं ते माप आठवलं. चार थेंबांसाठी आम्ही भांडत होतो, तेव्हा त्या थेंबांमागे एखादा माणूस असेल हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

आता एमआयडीसीच्या रस्त्याने जाताना रोलिंग मिलच्या दारातून आत बघतो. लालबुंद सळई चिमट्यात धरून एक जण उभा असतो, तोंडाला गमछा बांधलेला. आमचं गाव सळईसाठी ओळखलं जातं. त्या माणसावरचा सिनेमा अजून माझ्या पाहण्यात नाही.