नक्कल, भाजणी आणि झोपाळा

गेल्या महिन्यात सलग तीन दिवस सुटी मिळाली. बदलीच्या नोकरीत असा योग क्वचितच येतो. त्या दिवसांतील वाचन, स्वयंपाक आणि चित्रपट यांची ही टिपणे.

श्रीलाल शुक्ल यांची 'राग दरबारी' (१९६८) ही हिंदी कादंबरी पुन्हा वाचली. शुक्ल स्वतः उत्तर प्रदेशात प्रशासकीय सेवेत होते, हे पानोपानी जाणवते. त्यातील लंगड हे पात्र तहसील कार्यालयातून एका कागदाची नक्कल मिळवण्यासाठी खेटे घालते. लाच देणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा. लाच घेणार नाही, पण नक्कल नियमानेच देईन, असा कारकुनाचा पण. मग अर्जात एकेक त्रुटी निघत राहते. हसता हसता वाचक अस्वस्थ होतो, कारण येथे नियम कोणीच मोडत नाही. नियम मोडून केलेला अन्याय अपिलात उघडा पडतो. नियम पाळून केलेला मात्र फायलीत निर्दोष दिसतो.

दुसऱ्या दिवशी थालीपिठाची भाजणी घरीच केली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना ती तयार मिळण्याची खात्री नसते. धान्ये मात्र सर्वत्र मिळतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, शेवटी धणे आणि जिरे. प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगळा भाजावा लागतो. सर्व एकदम कढईत टाकले, तर जिरे करपते आणि डाळ कच्ची राहते. एकच आच सर्वांना सारखी लागू करणे म्हणजे समान न्याय नव्हे, हे आमच्या कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा कढई अधिक नेमकेपणाने सांगते. थालीपिठाला मध्ये भोक पाडून तेल सोडले. सोबत घरचे लोणी होते.

रात्री अकिरा कुरोसावा यांचा 'इकिरू' (१९५२) पाहिला. वातानाबे हा नगरपालिकेतील विभागप्रमुख. आपल्या वस्तीतील घाण पाण्याचे डबके बुजवून तेथे मुलांसाठी बाग करावी, अशी मागणी घेऊन आलेल्या स्त्रियांना एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरवले जाते. पोटाचा कर्करोग झाल्याचे कळल्यावर तोच वातानाबे त्या कामाचा पिच्छा पुरवतो आणि बाग उभी राहते. बर्फ पडत असताना झोपाळ्यावर बसलेला तो विसरता येत नाही. त्याच्या मृत्यूनंतर सहकारी त्याच्यासारखे काम करण्याच्या शपथा घेतात आणि पुन्हा पूर्ववत वागू लागतात. दिग्दर्शकाने आम्हा मंडळींना चांगलेच ओळखले होते.

लंगडच्या काळात नव्हते असे काही आता आहे. माहिती अधिकार कायद्याने (२००५) माहिती देण्यास सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत घातली. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये सेवांच्या हमीचा कायदा केला; महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये आला. विलंबाला दंड आहे. परंतु मुदतीच्या शेवटच्या दिवशी नवी त्रुटी काढून अर्ज परत पाठवला, तर कागदोपत्री विलंब झालेलाच नसतो. लंगडची गाठ पडली ती याच वाटेवर.

म्हणून माझ्यापुरता एक साधा आदेश काढला आहे : अर्जातील सर्व त्रुटी पहिल्याच वेळी, एकत्र आणि लेखी कळवाव्यात, त्यानंतर नवी त्रुटी काढावयाची असल्यास कारण नोंदवून माझी सही घ्यावी. आदेश चार ओळींचा आहे. पण बदली झाल्यावर तो किती दिवस टिकेल, हा वातानाबेच्या सहकाऱ्यांचाच प्रश्न आहे.