मनगटावरचे घड्याळ

१९६१ पासून घड्याळे बनविणाऱ्या एचएमटीची चावीची घड्याळे आम्ही वर्षानुवर्षे वापरली. २०१६ साली सरकारने तो व्यवसाय बंद करण्याचे ठरविले. पुढे आमची लेक आरोग्यसेविका म्हणून अहेरीकडे निघाली, तेव्हा तिच्यासाठी क्वार्ट्झचे घड्याळ पाहिले. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. म्हणून स्वस्त घड्याळही वेळ चोख दाखविते. सोनेरी मुलामा आम्ही नाकारला. ठळक सेकंदकाटा, स्पष्ट आकडे आणि घामापावसात टिकणारा पट्टा एवढेच पाहिले. तबकडीवरचे ‘३० मीटर’ म्हणजे शिंतोड्यांपुरते संरक्षण. नाला ओलांडताना ते काढूनच ठेवावे. अर्ध्या मिनिटात मोजलेले नाडीचे ठोके दुप्पट करायचे असतात. तेथे एक चूक दोन होते. रुग्णाला घड्याळाची किंमत दिसत नाही, त्याला अचूकपणा हवा असतो.