वरचे, खालचे आणि मधली ओल

भिंतींना कान असतात, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण भिंतींना नाकही असतं आणि वयोमानाप्रमाणे ते गळू लागतं, हे ज्ञान मला साठी उलटल्यावर झालं. तेही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

एका सकाळी सुविचार आणि गुलाबाची फुलं यांच्या मधोमध एका छताचा फोटो झळकला. छतावर ओलीचा भलाथोरला डाग. आकार साधारण ऑस्ट्रेलियासारखा. खाली टास्मानियाचं बेटही होतं. सोबत मजकूर : 'वरच्यांच्या कृपेने.' मी भाविकपणे जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून मोकळा झालो. दुपारी चिटणीस दारात हजर.

"अहो, हात कसले जोडताय? वरचे म्हणजे तुम्ही!"

आमच्या खाली जे राहतात त्यांना आम्ही 'खालचे' म्हणतो आणि ते आम्हाला 'वरचे'. 1987 साली दोघंही एकाच आठवड्यात राहायला आलो. तेव्हापासून दर शनिवारी आमचा बुद्धिबळाचा डाव. पण अकरा महिन्यांपूर्वी आमच्या हिने गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं आणि ते खालच्या वहिनींच्या उडदाच्या पापडांवर पडलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण ही वरून म्हणाली, "तळल्यावर कोणाला कळणार आहे?" झालं! पुण्यात अबोल्याचेही नियम असतात. जिन्यात भेट झाली तर एकमेकांच्या चपलांकडे पाहायचं, आणि बोलायचंच असेल तर चिटणिसांमार्फत. त्यामुळे तीन महिने डाग पसरत होता तरी खालच्यांनी ब्र काढला नाही. ते डागाकडे बघत राहिले आणि मी पटावरच्या धुळीकडे.

आता या पाण्याचं मूळ माझ्या प्रतिष्ठेत होतं. घर घेताना बिल्डरने विचारलं होतं, "पाईप बाहेरून हवेत की भिंतीतून?" भिंतीतून म्हणजे जादा पैसे. मी प्रॉव्हिडंट फंडातून काढून ते दिले. पुढे कितीतरी वर्षं आलेल्या पाहुण्याला मी आवर्जून बाथरूममध्ये नेऊन न दिसणारे पाईप दाखवत असे. एका मावसभावाने तर "मला काहीच दिसत नाही" असं म्हटल्यावर मला धन्य वाटलं होतं.

न दिसणारा पाईप गळायला लागला की मात्र दिसतात ते फक्त एस्टिमेट. पहिला कंत्राटदार आला. त्याने बाथरूममध्ये पाऊलसुद्धा न टाकता सांगितलं, "सगळं तोडावं लागेल. पंच्याऐंशी हजार." दुसरा म्हणाला, "तोडायचं काही नाही. फरशांच्या सांध्यात केमिकल भरू. साठ हजार. पाच वर्षं गॅरंटी." गॅरंटी कशाची, असं विचारल्यावर ती केमिकलची असून गळतीची नाही, असा खुलासा झाला. माझं पेन्शन आणि हे आकडे यांची ओळख करून देणंसुद्धा मला प्रशस्त वाटेना.

तिसरा आला तो एक म्हातारा मिस्त्री. तोंडात तंबाखू, पिशवीत दोन पाने आणि एक हातोडी. त्याने भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मलाच विचारलं, "काका, खाली चोवीस तास ठिबकतं का आंघोळीपुरतं?"

"का बरं?"

"आंघोळीनंतर ठिबकलं तर मोरीचं दुखणं. जाणारं पाणी गळतंय. रात्रंदिवस ठिबकलं तर भिंतीतल्या पाईपचं. येणारं पाणी गळतंय. आधी एवढं कळू द्या, मग हातोडी काढतो."

इतका सोपा प्रश्न पंच्याऐंशी हजारवाल्याला सुचला नव्हता. पण त्याचं उत्तर फक्त खालच्यांच्या बाथरूममध्ये मिळणार होतं, आणि तिथे चिटणिसांना पाठवणं बरं दिसलं नसतं. शेवटी संध्याकाळी हातात एक स्टीलची वाटी घेऊन मी खाली गेलो. बेल वाजवली. अकरा महिन्यांनी ते दार उघडलं.

"काय?"

"वाटी ठेवायची होती. डागाखाली."

खालच्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता दोन स्टुलं आणली. वाटी फरशीवर, आम्ही दोघं दोन बाजूंना, मध्ये टप्... टप्... वाटी भरायला बावीस मिनिटं लागली. तोवर वर आमच्या हिने जिलबीत घालायचा केशरी रंग पाण्यात कालवून मोरीच्या जाळीत ओतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खाली केशरी थेंब पडला नाही. (आमची मोरी मात्र आठवडाभर हलवायाच्या कढईसारखी दिसत होती.) म्हणजे मोरी निर्दोष. मग त्याच रात्री मी गच्चीवर जाऊन आमच्या बाथरूमला येणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसलो. थेंब पडतच होते. बाराव्या मिनिटाला खालचे उठून आत गेले. मला वाटलं, झोपायला गेले. ते पट घेऊन आले. पालथ्या बादलीवर डाव मांडला. पहिल्या डावात थेंब मंदावला. दुसऱ्या डावात माझा वजीर गेला. तिसऱ्या डावाच्या मध्यावर खालच्यांनी एकदम हात वर केला, "श्श! ऐका!"

काहीच ऐकू येत नव्हतं. रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते आणि छत गप्प होतं. व्हॉल्व्ह बंद आणि गळती बंद. म्हणजे दुखणं येणाऱ्या पाईपचं. आम्ही दोघांनी इतक्या जोरात हात मिळवले की घोडा वाटीत पडला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने निकाल ऐकला आणि शॉवरची भिंत पान्याच्या मुठीने ठोकत गेला. टण, टण, टण... बद्द. "ह्याच्या मागं काय?"

"बेडरूम. हिचं कपाट."

"मग टाइल कशाला फोडायच्या? मागनं जाऊ."

आमच्या टाइल 1987 च्या, फिकट पोपटी. तशा आता शोधूनही मिळत नाहीत. चार फुटल्या की चारशे बदलायच्या, हाच तर त्या पंच्याऐंशी हजारांचा हिशेब होता. कपाट ओढलं. मागचा गिलावा बोट लावताच पिठासारखा गळला. कपाटातल्या कुबट वासाबद्दल ही कित्येक महिने माझ्या पायमोज्यांवर संशय घेत होती. त्यांची त्या क्षणी निर्दोष सुटका झाली. मिस्त्रीने वीतभर खड्डा केला, आत बॅटरी मारली आणि म्हणाला, "या, दर्शन घ्या."

जादा पैसे भरून लपवलेला माझा पाईप मी पहिल्यांदाच पाहिला. गंजून लाल झालेला एल्बो आणि त्यातून सुईएवढी बारीक धार. मी हर्षभराने म्हणालो, "एवढंच ना? एल्बो बदलून टाका!"

"काका, जीआय पाईप हाय. वरचं जस्त गेलं की उरतं नुसतं लोखंड. हा एल्बो पिळला की शेजारचा आटा तुटणार. मग त्याच्या शेजारचा. त्यापेक्षा म्हाताऱ्याला आहे तिथं झोपू द्या. दोन्ही तोंडं टोपी लावून बंद करतो आणि नवी लाइन टाइलवरनं बाहेरून फिरवतो. सीपीव्हीसीची. साधा पीव्हीसी नको, गिझरच्या पाण्यानं मऊ पडतो."

"बाहेरून?" माझ्या आवाजात 1987 साल दाटून आलं.

"बाहेरून. पुन्हा गळला तर घरातलं पोरगं पण सांगंल कुठं गळतोय ते."

पाईप, सांधे आणि मजुरी मिळून त्रेचाळीसशे रुपये. भिंत पंधरा दिवस पंखा लावून वाळवली, मग गिलाव्याचे नऊशे. खालच्यांच्या छताचा रंग मी देणार म्हणालो, ते अर्धा देणार म्हणाले, आणि त्यावरून नवा अबोला होता होता राहिला.

सांध्यांना लावलेलं सोल्यूशन पक्कं होईपर्यंत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, नळ उघडायचा नाही, अशी मिस्त्रीची ताकीद होती. सकाळी खालून निरोप आला, "पाणी तापलंय, या." हा निरोप चिटणिसांमार्फत आला नाही. वहिनींनी स्वतः जिन्यातून हाक मारली. आम्ही दोघं टॉवेल घेऊन खाली गेलो. परत येताना हिच्या हातात पापडांचा डबा होता.

आता पोपटी टाइलवरून तो पिवळसर पाईप दोन फूट आडवा, चार फूट उभा असा निर्लज्जपणे गेला आहे. मावसभाऊ परवा बघून म्हणाला, "अरे, हे सगळं दिसतंय की!" खालचे शनिवारी वर येतात, आधी बाथरूममध्ये जाऊन प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवतात, "कोरडं आहे" असं जाहीर करतात आणि मग माझा वजीर घेतात.

आणि उन्हाळ्यात रोज सकाळी सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात आमची ही गॅलरीतून ओरडते, "वहिनी, तुळशीला पाणी घालतेय हो!"

खालून उत्तर येतं, "थांबा, पापड आत घेऊ द्या!"