चाकांवरचं बिऱ्हाड

कुणाकडे मुक्कामाला जायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. जायला आवडत नाही असं नाही. पण आपण आडवे झालो की यजमानांच्या घरातलं कुणीतरी गादीवरून सतरंजीवर येतं, एवढं कळण्याइतका मी शिकलेला आहे. त्यामुळे कॉलेजातले तीन दोस्त वर्षानुवर्षं ‘ये की लेका गावाकडं’ म्हणत आणि मी ‘मार्चएंड होऊ दे’ म्हणत असे. बँकेतल्या माणसाचा मार्चएंड एप्रिलमध्येच सुरू होतो, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

अशात चिरंजीवांनी कॅरव्हॅनचं खूळ काढलं. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. अमेरिकेत म्हणे निवृत्त झालेली जोडपी असलं घर घेऊन महिनोन् महिने हिंडतात. आपल्याकडेही राज्य सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि पुण्यात अशी गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने मिळते, असं समजलं. मला कल्पना एकदम पटली. विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर! आपली गादी, आपलं पाणी, आपला चहा. कुणाला त्रास नको, कुणाचे उपकार नकोत. ‘उपकार’ हा शब्द मी जरा जोरात उच्चारला असावा, कारण सौ.ने पोळी लाटता लाटता वर पाहिलं.

गाडी दारात आली तेव्हा सोसायटीतल्या चौघांनी ‘कोण आजारी आहे?’ म्हणून विचारलं. आत दोन बाक होते, ते ओढले की पलंग व्हायचे. शेगडी होती, बेसिन होतं, आणि ज्यात वळता येत नाही असं एक न्हाणीघर होतं. शिरवळ यायच्या आत कपाटाचं दार उघडून स्टीलचे सगळे डबे खाली आले. उरलेला प्रवास मी त्या दाराला पाठ लावून केला. घरात बसून प्रवास म्हणतात तो हा.

पहिला मुक्काम कराडजवळ, ऊसवाल्या मित्राकडे. गाडी वेशीत शिरली तशी मागे पोरं लागली. एकाला ती प्रचाराची गाडी वाटली, एका आजोबांना रक्तदानाची. आणि एक गृहस्थ शेळी घेऊन आले. गुरांचा फिरता दवाखाना नव्हे म्हटल्यावर ते शेळीसकट रागावून गेले. रात्री आम्ही ‘गाडीत झोपतो’ म्हटलं तर मित्राच्या आईने कपाळाला हात लावला. ‘घर आसताना गाडीत? आमी काय मेलो व्हय?’ झालं. गाद्या निघाल्या, कुणीतरी सतरंजीवर आलं, आणि गाडीत पंखा लावून एकटा ड्रायव्हर झोपला.

दुसऱ्या दिवशी पाटणकडे निघालो आणि मी गप्प झालो. पाटणजवळच्या गावात बापू राहतो.

बारा वर्षांपूर्वी बापू माझ्याकडे आला होता. त्याला ट्रॅक्टरसाठी कर्ज हवं होतं आणि त्याच्या बँकेला जामीनदार हवा होता, शक्यतो नोकरदार. मी काउंटरवर बसून रोज माणसांना ‘दोन जामीनदार आणा’ असं सांगतो. पण त्या दोघांतला एक व्हायची वेळ आली तेव्हा घशाला कोरड पडली. म्हटलं, ‘हिला विचारून सांगतो.’ बापूने बशीतला चहा संपवला, ‘विचार की, घाई न्हाई’ म्हणाला आणि गेला. मी अजून तिला विचारलेलं नाही.

तेव्हा खरं सांगायचं तर हे चाकांवरचं घर मी घेतलं ते बापूच्या घरात झोपावं लागू नये म्हणून.

बापूने मिठीच मारली. दोघांचेही केस किती गेले ते मोजलं, जेवण झालं, आणि गाद्या अर्थातच घरात पडल्या. ड्रायव्हर पुन्हा गाडीत. सकाळी निघताना गाडीचं मागचं चाक शेतात जाणाऱ्या पाण्याच्या चरात उतरलं, ते पार आसापर्यंत. चिरंजीव आणि मी ढकलून पाहिलं. चिखल तेवढा अंगावर आला. बापू काही न बोलता गोठ्यामागे गेला आणि ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी लावली, आणि माझं आख्खं बिऱ्हाड त्याने दोन मिनिटांत रस्त्यावर आणून ठेवलं.

‘गेल्या साली फिटला बघ ह्यो,’ बॉनेटवर थाप मारून तो म्हणाला.

मी ‘वा’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मागचा दिवा फुटला होता. मालकाला दाखवायला ड्रायव्हरने वहीत चार ओळी खरडल्या. खाली साक्षीदाराची सही पाहिजे म्हणाला.

‘आण हिकडं,’ बापू म्हणाला. पेन उघडलं आणि माझ्याकडे बघून हसला. ‘का आधी वहिनींना विचारायचं?’

‘मला काय विचारायचं?’ सौ. म्हणाली.

‘कुठं काय,’ मी म्हणालो. बापूने झोकात सही ठोकली.

कोयनानगर गेलं, कुंभार्ली घाट लागला. घाटातून खाली कोकण काय दिसत होतं म्हणून सांगू! सौ.ने तिकडे एकदाही पाहिलं नाही. चिपळूण येईपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती, आणि चिपळूणच्या पुढे तिला सगळं कळलेलं होतं.

गुहागरच्या मित्राने त्या रात्री ओटीवर ऐसपैस गाद्या घातल्या. सौ. झोपली, चिरंजीव झोपले, ड्रायव्हरलाही एक गादी मिळाली. मी मात्र कॅरव्हॅनमध्ये झोपलो. तीन रात्रींचं भाडं आगाऊ भरलेलं होतं ना!