पिष्ट कमी, ताट आपलेच

बॉबलिंगेन हे जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील, स्टुटगार्टपासून सुमारे २० किलोमीटरवर वसलेले टुमदार शहर आहे. शहराच्या मध्यभागी दोन तळी आहेत, शेजारी सिंडेलफिंगेनला मर्सिडीझचा प्रचंड कारखाना आहे. आय.बी.एम.ने १९५३ साली येथे प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून संगणकाच्या कामासाठी देशोदेशीची माणसे येथे येत राहिली. आम्हीही त्याच ओघात आलो. भारतीय कुटुंबे येथे पुष्कळ भेटतात; बेने इस्राएल घर मात्र आमच्या ओळखीत दुसरे नाही.

येथे आल्यावर माझ्या यजमानांना मधुमेह असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पिष्टमय पदार्थ निम्म्याहून कमी करण्यास सांगितले. ऐकावयास सोपी वाटणारी ही आज्ञा कोकणातून आलेल्या घरात शिरली म्हणजे काय होते, ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आपले जेवण म्हणजे भात. बाकीचे सारे त्याच्या सोबतीला. सासूबाई अश्दोदहून फोनवर विचारीत, "भात नाही, तर मग तो जेवला काय?" त्या प्रश्नात रागापेक्षा काळजीच अधिक होती. मुलाला भात न वाढणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे, असेच त्यांच्या पिढीला वाटते. बाहेर पडावे तर या प्रांताचे अन्नही पिठाचेच: श्पेट्झले नावाच्या अंड्याच्या शेवया, सारण भरलेल्या माउल्टाशेन, बटाट्याचे सॅलड आणि प्रत्येक कोपऱ्यावर ताजे ब्रेझेल.

या अडचणीत जर्मनांच्या एका जुन्या हिशेबाने आम्हांस मोठी मदत केली. येथील मधुमेही रुग्णांना ‘ब्रोटआइनहाइट’, म्हणजे ‘पावाचे एकक’, शिकवितात. एक एकक म्हणजे १२ ग्रॅम कर्बोदके. राईच्या पावाची साधारण २५ ग्रॅमची पातळ चकती. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे आपल्याकडील भरगच्च ताटातील ३०० ग्रॅम भात सात एककांच्या घरात जातो. सात चकत्या पाव एका बैठकीत खा, असे कोणी कोणास सांगेल काय? वजनकाट्यावर भात ठेवला, तेव्हा घरातील वाद आपोआप मिटला. बाजारातील बहुतेक बंद पाकिटांवरही प्रत्येक १०० ग्रॅमला कर्बोदके किती आणि त्यांत साखर किती हे छापलेले असते. युरोपात २०१६ च्या डिसेंबरपासून ते बंधनकारक आहे. ती दोन ओळींची माहिती वाचण्यापुरते जर्मन सर्वांनी शिकावे.

या विद्येचा इतिहासही येथून फार दूरचा नाही. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मेरिंग आणि मिंकोव्हस्की या दोघांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाल्याचे पाहिले. त्या काळी ते शहर जर्मन साम्राज्यात होते. १९२२ साली टोरोंटोत पहिल्या रुग्णास इन्सुलिन मिळेपर्यंत पिष्ट कमी करणे हाच मधुमेहावरचा प्रमुख उपाय होता. आज आपल्या महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवण्याचा प्रचार करतात. तेथे भर किती वेळा खावे यावर आहे. आमच्या पथ्यात भर काय खावे यावर आहे.

आता ताटाकडे वळू. मासळीचे हिरव्या वाटणाचे कालवण तसेच राहिले. मासळीत कर्बोदके जवळजवळ नसतातच. येथे ट्राउट आणि मॅकेरेल मिळतात; पंख आणि खवले दोन्ही असल्याने शंका उरत नाही. कालवणाखाली भाताऐवजी फ्लॉवर किसून, वाफवून घेते. नवलकोल जर्मनांचा लाडका, त्याची भाजी होते. स्टुटगार्टजवळील फिल्डर पठारावरचा टोकदार कोबी फारच गोड व कोवळा असतो. ‘क्वार्क’ हा आपल्या चक्क्याचा भाऊ. १०० ग्रॅममध्ये सुमारे १२ ग्रॅम प्रथिने आणि अवघी ४ ग्रॅम कर्बोदके. मांसाच्या जेवणात तो अर्थातच चालत नाही; परंतु आपल्या पूर्वजांनी मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध घालून तो प्रश्न केव्हाच सोडविला आहे. वालाच्या बिरड्यात कर्बोदके आहेत, पण तंतू आणि प्रथिनेही आहेत. म्हणून ते वाटीने मोजून, भाताशिवाय.

पेयांकडे आपले लक्ष कमी जाते. सफरचंदाच्या रसाच्या एका पेल्यात २० ग्रॅमहून अधिक साखर असते. फळाचा म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. चहा बिनसाखरेचा, मधल्या वेळी पाणी किंवा ताक, एवढेच आम्ही ठेविले.

खरा पेच शब्बाथ आणि मलिद्याचा होता. किद्दुशसाठी काळ्या मनुकांचे शरबत करणे ही आपली परंपरा. पण मनुकांत द्राक्षांची सारी साखर एकवटलेली असते. आमच्याकडे आता मुलांसाठी शरबत आणि यजमानांसाठी कोशेर, ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी वाइन असते. तिच्यात लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. हामोत्झीसाठी ऑलिव्हच्या फळाएवढा तुकडा पुरतो. एलियाहू हन्नाबीच्या मलिद्यातील पोहे आणि साखर आम्ही बदलली नाही. प्रसाद चमचाभर घ्यावयाचा; ताट भरून घ्यावा असे कोणी सांगितलेले नाही.

एक विचार वारंवार मनात येतो. कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणत. तेल गाळणे हा आपला धंदा. त्या तेलाला आणि खोबऱ्याला आपण पुढे घाबरू लागलो, परंतु बिस्किटांना आणि सरबतांना घाबरलो नाही.

आठ महिन्यांत यजमानांची तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी तपासणी ८.४ वरून ६.९ वर आली. गोळ्या चालूच आहेत. अभ्यासांतून असे दिसते की, अशा आहाराचा गुण पहिल्या सहा महिन्यांत ठळक असतो आणि वर्षभरानंतर इतर पद्धतींशी असलेला फरक कमी होत जातो. म्हणून जो आहार वर्षानुवर्षे पाळता येईल तोच खरा.

वाचक बंधुभगिनींना शेवटी एक कळकळीची सूचना. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असताना भात-पाव एकाएकी बंद केल्यास साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. काही नव्या गोळ्यांबरोबर असा कडक आहार रक्तात घातक आम्ले वाढवितो, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचाही विचार करावा लागतो. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, मग भाताचे पातेले लहान करा. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र वजनकाटा दाखवा. ते समजून घेतात. सासूबाई आता फोनवर विचारतात, "आज मासळी कोणती केलीस?"